बेस खोक्यात असतो, वॅटमध्ये नव्हे

तुकोबांची पालखी देहू सोडल्यावर पहिला मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात करते. दिंडीतला पखवाजवाला भजनाला बसण्याआधी एक काम न चुकता करतो. भिजवलेल्या कणकेचा गोळा तो पखवाजाच्या डाव्या तोंडावर, म्हणजे धुमेवर थापतो. हाताने एक थाप मारून ऐकतो. नाद हवा तसा नसेल तर थोडी कणीक काढतो किंवा वाढवतो. कणकेच्या वजनाने कातड्याचा कंप मंदावतो आणि नाद खाली उतरतो. खर्ज हवा म्हणून तो जोरात बडवत नाही, वाद्य जुळवून घेतो. आपल्या चर्मवाद्यांवरच्या शाईने आणि लेपाने कातड्याचे कंप कसे बदलतात, याकडे सर सी. व्ही. रामन यांचेही लक्ष गेले होते. १९२० साली 'नेचर' या नियतकालिकात त्यांनी त्यावर टिपण लिहिले.

आता त्याच आकुर्डीतल्या घराघरांत वाजणाऱ्या स्पीकरकडे वळू. इथे आयटीआय झालेला मुलगा, डिप्लोमाचा विद्यार्थी, कारखान्यातला फिटर असे हाताने काम करणारे लोक भरपूर आहेत. पुण्याच्या तपकीर गल्लीतून वूफर आणि अँप्लिफायरचा बोर्ड आणायचा, सुताराकडून प्लायचे खोके करून घ्यायचे आणि रविवारी घरी जोडायचे, हा छंद जुना आहे. कुणी मोटारीतला जुना वूफर वापरतो, तर कुणी कुंभाराकडून मटका आणून त्याच्या तोंडावर स्पीकर बसवतो. जोडणी झाली की पहिली तक्रार ठरलेली असते, 'आवाज आहे, पण बेस येत नाही.' त्यावरचा उपायही बहुतेक वेळा ठरलेला असतो. बेसचे बटण शेवटपर्यंत फिरवायचे, तेवढ्याने भागले नाही तर दुप्पट वॅटचा अँप्लिफायर आणायचा.

या उपायाची झळ दोन ठिकाणी बसते. ऐकणाऱ्याचा कान हे पहिले ठिकाण, भिंतीपलीकडची झोप हे दुसरे. या दोन्ही तक्रारी घेऊन लोक आम्हा डॉक्टरांकडे येतात. म्हणून आज सुरुवात औषधाने न करता खोक्याने करू. खोके नीट जुळवले तर कमी आवाजात चांगला बेस मिळतो, आणि कानाच्या दृष्टीने तोच खरा प्रतिबंधक उपाय आहे.

खोके कशासाठी?

आज आपण वापरतो त्या प्रकारचा, कॉइल आणि चुंबकावर चालणारा स्पीकर १९२५ साली अमेरिकेत राइस आणि केलॉग या अभियंत्यांनी लोकांपुढे आणला. त्याचा कागदी पडदा पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. स्पीकर नुसता टेबलावर ठेवला तर मागची लाट वळून पुढे येते आणि पुढच्या लाटेला मारते. वरच्या सुरांच्या लाटा आखूड असल्याने त्यांना याचा फारसा फटका बसत नाही. पण ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० कंपनांच्या लाटेची लांबी जवळपास ७ मीटर असते. ती वीतभर स्पीकरला सहज वळसा घालते. त्यामुळे उघड्या स्पीकरवर गाणे ऐकू येते, ढोलक मात्र हरवतो. खोक्याचे पहिले काम मागची लाट कोंडून ठेवण्याचे आहे.

कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते. खोके जितके लहान, तितकी ही स्प्रिंग कडक आणि पडद्याचा स्वाभाविक कंप तितका वर चढतो. समजा, तुमचा वूफर मोकळ्या हवेत ३५ हर्ट्झला सहज डोलतो आणि त्याच्या पडद्याची लवचीकता ६० लिटर हवेइतकी आहे. त्याला ६० लिटरच्या बंद खोक्यात बसवले तर हा आकडा ५० हर्ट्झच्या आसपास जातो. तोच वूफर २० लिटरच्या खोक्यात बसवला तर थेट ७० हर्ट्झवर जातो. वूफर, अँप्लिफायर आणि वॅट तेच राहिले, तरी बेस गेला. कपाटाच्या कप्प्यात बसावे म्हणून सुतार खोके दोन इंच कमी करतो, तेव्हा नेमके हेच घडते.

स्पीकरची ही दोन मापे चांगल्या कंपनीच्या वूफरच्या कागदावर छापलेली असतात. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि त्यांच्यानंतर रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात खोक्याच्या गणिताची घडी बसवली. म्हणून या मापांना आजही त्या दोघांच्या नावाने ओळखतात. वूफर घेताना दुकानदाराला 'किती वॅटचा?' एवढेच विचारू नका. हा कागद मागून घ्या.

मटक्याचे आणि पाइपचे गणित

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती एका ठरावीक सुरात घुमते. बाटलीत पाणी भरत गेले की सूर चढतो. मानेतली हवा हे वजन आणि पोटातली हवा ही स्प्रिंग, अशी ही जोडी आहे. जर्मन वैद्यक आणि भौतिकशास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात अशा पोकळ गोळ्यांच्या मदतीने सुरांचा अभ्यास केला. आपला घटम आणि भजनात वाजणारी घागर याच कुळातली.

स्पीकरच्या खोक्याला भोक पाडून त्यात पाइप बसवण्याची युक्तीही हीच आहे. अल्बर्ट थुरास यांना १९३२ मध्ये अमेरिकेत तिचे पेटंट मिळाले. मागची लाट वाया न घालवता ती पाइपमधून उलटवून पुढच्या लाटेच्या मदतीला आणायची, अशी ही कल्पना. मात्र पाइप कोणत्या सुराला घुमेल, हे तीन मापांवर ठरते. खोक्यातली हवा, पाइपच्या तोंडाचे क्षेत्रफळ आणि पाइपची लांबी.

एक उदाहरण घेऊ. आतून १२ × १४ × १६ इंचांचे खोके म्हणजे सुमारे ४४ लिटर. वूफरचे चुंबक, पाइप आणि आतल्या पट्ट्या यांची जागा वजा केली की ४० लिटर उरतात. त्यात प्लंबिंगचा, आतून १० सेंटिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप बसवला. पाइप २ इंच लांब असेल तर खोके सुमारे ६९ हर्ट्झला घुमते. ६ इंच ठेवला तर ५१ आणि १२ इंच ठेवला तर ४०. पाइपचा दहा इंचांचा तुकडा वाढवताच जवळजवळ पाऊण सप्तक खाली उतरता येते. हीच ती कणीक! अँप्लिफायर बदलण्यापुढे या तुकड्याचा खर्च नगण्य आहे.

घरगुती खोक्यांत बहुतेक वेळा नेमकी इथेच गफलत असते. सुतार प्लायच्या जाडीएवढे नुसते गोल भोक पाडून देतो. असे खोके बरेच वर, ८०-९० हर्ट्झच्या आसपास घुमते. मग कोणतेही गाणे लावा, तोच एक सूर 'ढब ढब' करत राहतो आणि त्याच्या खालचे काहीच येत नाही. ऐकणाऱ्याला हा बेस वाटतो, पण डोके जड होते ते यानेच. डग्ग्याची मींड आणि ढोलकीची थाप यांतला फरक कळेनासा झाला, की खोके चुकीच्या सुराला बांधले आहे असे समजावे.

तुमचे खोके कुठे घुमते, हे शोधायला महागडे यंत्र लागत नाही. मोबाइलवर ठरावीक हर्ट्झचा सूर काढणारे अनेक अँप आहेत. त्यावरून अगदी कमी आवाजात १०० हर्ट्झपासून हळूहळू खाली या आणि वूफरच्या पडद्याकडे पाहत राहा. एका जागी पडदा जवळजवळ थांबतो आणि पाइपच्या तोंडाशी हाताला वारा लागतो. तोच तुमच्या खोक्याचा सूर. तो फार वर असेल तर पाइप लांब करा. फार खाली असेल तर थोडा थोडा कापा. पाइपचे आतले टोक आणि मागची फळी यांत निदान पाइपच्या व्यासाएवढी जागा हवी. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. या सुराच्या खाली पडद्याला हवेचा आधार उरत नाही आणि तो मोकाट हलतो. तिथे बेसचे बटण पिळले तर आवाज वाढत नाही, कॉइल मात्र फाटते.

खोक्याची तपासणी

पाइपला हात लावण्याआधी तीन साध्या गोष्टी बघाव्यात. पहिली गोष्ट तारांची. दोन स्पीकर असतील आणि त्यांपैकी एकाच्या अधिक-उणे तारा उलट लागल्या असतील, तर एक पडदा पुढे जाताना दुसरा मागे जातो आणि दोघे मिळून बेस खाऊन टाकतात. दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या टोकांना क्षणभर टेकवून पाहा. सेलचे अधिक टोक स्पीकरच्या अधिक टोकाला लागल्यावर पडदा बाहेर आला पाहिजे. दोन्ही स्पीकरना सारखीच दिशा हवी.

दुसरी गोष्ट गळतीची. खोके हवाबंद नसेल तर स्प्रिंगच उरत नाही. चाळीसेक हर्ट्झचा सूर हळू लावून सांध्यांजवळून पेटलेली अगरबत्ती फिरवा. धूर जिथे थरथरेल, तिथे फट आहे. आतून फेव्हिकॉल आणि भुशाचे मिश्रण किंवा सिलिकॉन भरले की काम झाले. वूफरच्या कडेखाली फोमची पट्टी हवी.

तिसरी गोष्ट फळीची. खोक्याची फळी स्वतःच कापत असेल तर बेसची ताकद तिच्यातच संपते आणि वर खडखडाट येतो. १८ मिलिमीटरची फळी घ्या आणि समोरासमोरच्या बाजूंना जोडणारी एक आडवी पट्टी आत लावा. बंद खोक्यात उशीतला कृत्रिम कापूस सैलसर भरला तर खोके जरा मोठे असल्यासारखे वागते. पाइपच्या खोक्यात मात्र तो भिंतींना पातळ लावावा, पाइपचे तोंड मोकळे सोडावे. काचेचे लोकरीसारखे तंतू वापरू नयेत. पाइपमधल्या वाऱ्याबरोबर ते खोलीत येतात आणि त्वचेला, डोळ्यांना, घशाला टोचतात.

खोलीसुद्धा वाद्यच

खोके जुळले, तरी काम संपत नाही. १० × १२ फुटांच्या खोलीत लाटा भिंतीभिंतींमध्ये अडकतात. १२ फुटांच्या दिशेने सुमारे ४७ हर्ट्झला आणि १० फुटांच्या दिशेने सुमारे ५६ हर्ट्झला खोली स्वतःच घुमते. या सुरांना भिंतीजवळ आवाज मोठा आणि खोलीच्या मध्यभागी जवळजवळ गायब असतो. खुर्ची नेमकी मध्यभागी ठेवून 'बेस नाही' म्हणणारे कितीतरी जण आहेत. त्यांनी खुर्ची दोन फूट मागे सरकवून बघावी. वूफर भिंतीजवळ किंवा कोपऱ्यात ठेवला तर भिंती त्याला जोड देतात. लाटेच्या मानाने जवळ असलेली प्रत्येक भिंत खालच्या सुरांना ६ डेसिबलपर्यंत बळ देते.

या ६ डेसिबलची किंमत अँप्लिफायरच्या भाषेत काढून पाहा. ३ डेसिबलसाठी वॅट दुप्पट लागतात, ६ साठी चौपट. १०० वॅटचा अँप्लिफायर काढून २०० वॅटचा आणला तर मिळतात फक्त ३ डेसिबल, जे कानाला जेमतेम जाणवतात. खोके कोपऱ्यात सरकवले तर फुकटात ४०० वॅटची करामत होते. उलट खालच्या सुरांची मागणी फार मोठी असते. तोच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर पडद्याला चौपट अंतर हलावे लागते. लहान वूफरकडून ३० हर्ट्झची अपेक्षा करणे म्हणजे सायकलला मालट्रकचे काम सांगणे आहे.

बेस कमी का ऐकू येतो?

आता कानाकडे येऊ. आपला कान सगळ्या सुरांना सारखा न्याय देत नाही. १००० हर्ट्झचा सूर निरोगी तरुण कानाला दोन-तीन डेसिबललाही ऐकू येतो. ५० हर्ट्झचा सूर ऐकू यायला मात्र साधारण ४४ डेसिबल लागतात. आवाज कमी ठेवला की बेस आधी गायब होतो, तो यामुळे. त्यात स्पीकरचा दोष नसतो, कानाची घडणच तशी आहे. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी हे मोजून दाखवले. जुन्या रेडिओ आणि टेपवर 'लाउडनेस' नावाचे बटण असे, ते याच कारणासाठी. कमी आवाजात ऐकताना बेस थोडा वाढवणे योग्य आहे. आवाज वाढवला की तो परत खाली आणायला हवा, आणि हेच कुणी करत नाही.

मेंदूही आपल्या मदतीला असतो. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून १०० हर्ट्झचा सूर जवळपास निघतच नाही. तरी फोनवर पुरुषाचा आवाज पुरुषाचाच वाटतो. त्या सुराचे वरचे पट ऐकून मेंदू खालचा मूळ सूर स्वतः भरून काढतो. म्हणून स्पीकरमधून स्वच्छ, न फाटलेला आवाज आला तर थोडा कमी बेसही समाधान देतो. फाटक्या आवाजाला मात्र कितीही बेस दिला तरी मन भरत नाही.

कानाची स्वतःची रचनाही खोक्यासारखीच आहे. कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब, एका टोकाला पडद्याने बंद. अशी नळी साधारण ३००० ते ३५०० हर्ट्झला घुमते आणि तिथला आवाज वाढवून आत पाठवते. आत शंखाकृती कॉक्लियात केसांसारखे तंतू असलेल्या सुमारे पंधरा हजार पेशी असतात. वरचे सूर शंखाच्या दाराशी, खालचे सूर टोकाशी ओळखले जातात. लाट आत कशी धावते हे शोधणाऱ्या बेकेशी यांना १९६१ चे नोबेल मिळाले. खालच्या सुराची लाटसुद्धा दारावरूनच आत जाते. दाराजवळच्या पेशींना सगळ्याच आवाजांचा मार सोसावा लागतो. त्यात नळीने वाढवलेल्या आवाजाची भर पडते. म्हणून गोंगाटाने जाणारे ऐकणे आधी ४००० हर्ट्झच्या आसपास जाते. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

कारखान्यातले कान

पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात ही गोष्ट पुस्तकातली राहत नाही. प्रेस शॉप, फोर्जिंग, ग्राइंडिंग अशा ठिकाणी वर्षानुवर्षे काम केलेल्यांच्या कानाचा आलेख काढला की ४००० हर्ट्झला खड्डा दिसतो. आपल्या कायद्याने गोंगाटामुळे येणारे बहिरेपण हा कळवणे बंधनकारक असलेल्या व्यावसायिक आजारांत धरला आहे. आपल्याकडच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. अमेरिकेतली व्यवसाय आरोग्य संस्था ८५ चा सल्ला देते आणि पुढच्या दर ३ डेसिबलला वेळ निम्मी करायला सांगते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास, १०० ला फक्त १५ मिनिटे.

अशा कानाला खालचे सूर नीट ऐकू येतात. हरवतात ते 'स', 'त', 'क', 'फ' यांसारख्या व्यंजनांचे बारीक सूर. माणूस म्हणतो, 'आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत.' मग टीव्ही मोठा होतो, पाठोपाठ बेसही चढतो आणि शब्द आणखी बुडतात, कारण खालचा मोठा आवाज वरच्या बारीक आवाजाला झाकून टाकतो. घरात भांडणे होतात. सून म्हणते आवाज कमी करा, सासरे म्हणतात स्पीकर बिघडलाय. खरे तर स्पीकर धडधाकट असतो. घरातल्या कर्त्या माणसाला बेस वाढवूनही समाधान नसेल, गर्दीत बोलणे कळत नसेल, कानात सतत 'सूं' आवाज येत असेल, तर मेकॅनिकच्या आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे आणि ऑडिओमेट्री करून घ्यावी. तोपर्यंत बातम्या आणि मालिका बघताना बेस कमी ठेवावा. शब्द आपोआप उघडे पडतात.

दिवसभर ८५-९० डेसिबलमध्ये काम करून आलेल्या कानाला संध्याकाळी विश्रांती हवी असते. छंदाचे ऐकणेही त्याच खात्यातून खर्च होते. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आठवड्याचा आहे. ८० डेसिबल असेल तर ४० तास, ९० असेल तर ४ तास आणि १०० असेल तर सुमारे २० मिनिटे. गणेश विसर्जन मिरवणुकीत सीओईपीचे विद्यार्थी पुण्यात गेली अनेक वर्षे आवाज मोजत आले आहेत. अनेकदा तो १०० डेसिबलच्या पुढे गेला आहे. म्हणजे भिंतीएवढ्या स्पीकरसमोर अर्धा तास नाचलेला माणूस आठवड्याचा सगळा कोटा आणि वर थोडी उधारी करून घरी येतो. कानातला एक चिमुकला स्नायू मोठ्या आवाजाला आकसतो आणि खालच्या सुरांना थोडा अटकाव करतो. पण त्याला जागे व्हायला सेकंदाचा एखादा दशांश लागतो, आणि सततच्या माऱ्यापुढे तो थकतो.

बेसने छातीत धडधडते, म्हणून हृदय बंद पडेल का, असेही लोक विचारतात. छातीतली ती थरथर हवेच्या दाबाची असते. फुफ्फुसाबाबत मात्र एक नोंद सांगण्याजोगी आहे. 'थोरॅक्स' या वैद्यकीय नियतकालिकाने २००४ मध्ये मोठ्या आवाजाच्या संगीतामुळे फुफ्फुसाभोवती हवा साचलेल्या चार रुग्णांची माहिती छापली. हा प्रकार दुर्मीळ आहे. तरी मोठ्या स्पीकरजवळ एकाएकी एका बाजूला छातीत कळ येऊन दम लागला, तर 'गॅस असेल' म्हणून बसू नये.

शेजाऱ्याची भिंत

भिंत जितकी जड आणि सूर जितका वरचा, तितका आवाज अडतो. सूर एक सप्तक खाली आला की भिंतीची अडवण्याची ताकद सुमारे ६ डेसिबलने घटते. चार इंची विटेच्या भिंतीतून गाण्याचे शब्द जात नाहीत, बेस जातो. शेजाऱ्याला तुमचे गाणे कळत नाही, ठोके तेवढे कळतात. गाणे निदान ओळखता येते, ठोके नुसते छळतात.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे १० ते ६. खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज स्वतःच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वाढता कामा नये, असेही त्यात आहे. हे आकडे ज्या 'ए' मापनात घेतात, ते मापन कानाच्या सवयीप्रमाणे खालचे सूर कमी धरते. ५० हर्ट्झला तब्बल ३० डेसिबल वजा होतात. म्हणजे ८५ डेसिबलचा ५० हर्ट्झचा ठोका मीटरवर ५५ दिसतो, दिवसाच्या मर्यादेत नेमका बसतो. मोबाइलवरच्या अँपवर आकडा हिरवा आणि पलीकडे बाळ दचकून उठलेले, हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. जर्मनीत खालच्या आवाजासाठी वेगळे मानक आहे. 'सी' आणि 'ए' या दोन मापनांत २० डेसिबलपेक्षा जास्त फरक पडला की तिथे खालच्या सुरांचा त्रास आहे असे समजून पुढची तपासणी करतात. आपल्या मीटरवर 'सी'चा पर्याय असेल तर दोन्ही आकडे घेऊन बघावेत.

आकुर्डीसारख्या गावात रात्रीची व्याख्याही पुरत नाही. तिसऱ्या पाळीवरून सकाळी परतलेला माणूस नऊ वाजता झोपतो. कायद्याने तेव्हा दिवस असतो, त्याच्या शरीराची मात्र रात्र असते. झोपेतही कान जागा राहतो. आवाजाने पूर्ण जाग आली नाही तरी नाडी आणि रक्तदाब थोडा वर जातो, झोप उथळ होते. युरोपसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घराबाहेरच्या रात्रीच्या आवाजासाठी ४० डेसिबलचे लक्ष्य ठेवले, ते झोप आणि हृदय यांचा विचार करूनच. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्या, पाळीत काम करणाऱ्या माणसाला ही तुटक झोप महाग पडते. दुसऱ्या दिवशी त्याचा हात प्रेसखाली असतो.

म्हणून वूफर सामाईक भिंतीला टेकवू नका. बाहेरच्या भिंतीकडे ठेवा. खाली जाड रबर किंवा सतरंजीच्या घड्या घाला, म्हणजे निदान फरशीतून जाणारी थरथर कमी होते. हवेतून जाणारा बेस याने थांबत नाही, त्याला एकच उपाय, आवाज कमी. एकदा शेजाऱ्याच्या घरी जाऊन आपलेच गाणे ऐकून या. त्यापेक्षा चांगला मीटर नाही.

हाताने करताना

खोके करणाऱ्यांनी स्वतःलाही जपावे. एमडीएफ आणि प्लाय कापताना उडणारी बारीक धूळ श्वासात जाते. लाकडाच्या धुळीला आणि या फळ्यांच्या गोंदातल्या फॉर्माल्डिहाइडला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. एखाददुसऱ्या खोक्याने घाबरायचे कारण नाही. पण कापणे गॅलरीत किंवा अंगणात करा, एन-९५ मास्क लावा, धूळ झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. सोल्डरिंगचा धूर दमेकऱ्याला त्रास देतो, खिडकी उघडी ठेवा. जुन्या सोल्डरमध्ये शिसे असते. काम झाल्यावर हात साबणाने धुवा आणि त्या टेबलावर मुलांना खाऊ घालू नका. अँप्लिफायरचे झाकण उघडण्याआधी प्लग काढा. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते, तिला निवायला वेळ द्या. घरात अर्थिंग आणि झटका लागताच वीज तोडणारा ईएलसीबी नसेल, तर अँप्लिफायरच्या आधी त्यावर पैसे घाला.

क्रम असा ठेवावा. आधी तारा, मग फटी, मग पाइपची लांबी, मग खोक्याची आणि खुर्चीची जागा आणि सगळ्यात शेवटी बेसचे बटण. बहुतेकांना बटणापर्यंत जावेच लागत नाही. समोरासमोर बसलेल्या दोघांना आवाज न चढवता बोलता येत असेल, तर घरातल्या ऐकण्याला तो आवाज पुरेसा आहे. गाणे संपल्यावर कानात 'सूं' वाजत राहिले, तर आवाज जास्त होता. उद्या तो कमी ठेवा. दोन दिवसांनीही ते थांबले नाही किंवा एका कानाने एकाएकी कमी ऐकू येऊ लागले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अशा कानाला उपचाराचा फायदा होतो तो सुरुवातीच्या दिवसांतच.